उसाचा ब्रिक्स पाहता, मग अंगाचा आकडा का नाही?



ऊस तोडीला आला की नाही हे आपण नुसत्या डोळ्यांनी ठरवत नाही. पाचट वाळलेले असते, कांडे ठोकले तर खणखणीत वाजते, फडाचा हिरवा रंग उतरलेला असतो; तरीसुद्धा शेतकी खात्याचा माणूस येतो, बुडख्याचा आणि शेंड्याचा रस काढतो, हातातल्या यंत्राच्या काचेवर थेंब टाकून ते डोळ्याला लावतो आणि ब्रिक्स सांगतो. बुडख्याला २१ आणि शेंड्याला १५ आला तर ऊस अजून पिकायचा आहे हे आपण निमूट मान्य करतो. माती परीक्षणाचेही तसेच. वरून काळीभोर दिसणारी जमीन आतून क्षारपड होऊ लागली आहे असे कागदावर आले की आपण हादरतो आणि पाणी कमी करतो.

पण स्वतःच्या अंगाचा विषय निघाला की उत्तर तयार असते : "दोन टायमाला भाकरी पचती, रात्री झोप लागती, मग दवाखान्याचं तोंड कशाला बघू?"

या अंकातला आरोग्याचा धडा आम्ही याच उत्तरावर लिहीत आहोत. कारण भाकरी पचत असताना आणि झोप लागत असतानाच काही दुखणी अंगात घर करून बसलेली असतात. वाढलेला रक्तदाब, ज्याला आपण बीपी म्हणतो. मधुमेह, ज्याला आपण शुगर म्हणतो. आणि कर्करोगातले तीन, म्हणजे तोंडाचा, बाईमाणसाच्या स्तनाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा. सुरुवातीची कित्येक वर्षे ही पाचही दुखणी आवाज करीत नाहीत.

हुमणीचा फड आठवा. अळी जमिनीत मुळ्या खात असते आणि वर ऊस हिरवागार दिसतो. पाने पिवळी पडून बेट हाताने ओढले की अलगद उपटून येते, तेव्हा आपल्याला कळते, आणि त्या वेळी औषध ओतून फारसा उपयोग राहिलेला नसतो. म्हणून जाणता शेतकरी वळवाचा पाऊस पडला की दिवस मावळल्यावर कडुनिंबाच्या, बोरीच्या, बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करतो आणि रॉकेलच्या पाण्यात टाकतो. त्या दिवशी फडाला काहीही झालेले नसते. शेजारी हसतातसुद्धा. रोगाआधीची तपासणी म्हणजे हेच भुंगेरे गोळा करणे.

आता हे सगळे मुंबई-पुण्याच्या लोकांचे शास्त्र आहे असे कोणी म्हणेल, म्हणून पहिले उदाहरण आपल्या शेजारचेच देतो.

१६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी आपला निलंगा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. त्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ साली एक फार मोठे काम सुरू झाले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ते केले. जिल्ह्यातली ४९७ गावे घेतली, त्यांचे ५२ गट पाडले आणि ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची नावे त्यात आली. निरोगी हा शब्द लक्षात ठेवा. यातल्या बायका दुखते म्हणून आलेल्या नव्हत्या. शेतात खुरपायला जाणाऱ्या, धुणी-भांडी करणाऱ्या, तुमच्या आमच्या घरातल्यासारख्या होत्या.

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग एका विषाणूपासून होतो. त्याचे नाव एचपीव्ही. तो लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण १० ते २० वर्षे जातात, आणि मधल्या काळात तिथली त्वचा थोडी बदलते. तो बदल सापडला तर एका छोट्या उपचाराने तो काढून टाकता येतो. गर्भाशय काढावे लागत नाही. एवढा वेळ देणारा शत्रू क्वचितच असतो. अडचण अशी की त्या १०-२० वर्षांत बाईला काहीच जाणवत नाही.

उस्मानाबादच्या कामात गावांच्या गटांचे चार भाग केले. एका भागात त्या विषाणूची तपासणी केली. दुसऱ्या भागात पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तिसऱ्या भागात व्हिनेगरचे पातळ द्रावण लावून डोळ्यांनी पाहिले. बदललेली जागा त्याने पांढरी दिसते. चौथ्या भागात त्या वेळी सरकारी दवाखान्यात जी नेहमीची व्यवस्था होती तेवढीच ठेवली. तपासणीत दोष निघालेल्या बायकांवर उपचार केले आणि सगळ्यांवर सुमारे आठ वर्षे लक्ष ठेवले. निकाल २००९ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

विषाणूची तपासणी झालेल्या भागात ३४,१२६ बायका होत्या. त्यांच्यापैकी १२७ जणींना कर्करोग निघाला. काहीच न केलेल्या भागात ३१,४८८ बायका होत्या आणि तिथे ११८ जणींना निघाला. आकडे जवळजवळ सारखेच, म्हणजे तपासणीचा उपयोग झाला नाही असे वरवर वाटेल. पण पुढे पहा. पहिल्या भागात पुढच्या पायरीला गेलेला कर्करोग ३९ जणींचा होता, दुसऱ्या भागात ८२ जणींचा. आणि या रोगाने मेलेल्या बायका पहिल्या भागात ३४, दुसऱ्या भागात ६४. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले. रोग तेवढाच होता, फक्त तो वेळेवर सापडला.

इथे दोन गोष्टी सरळ सांगितल्या पाहिजेत. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीशिवाय का ठेवले, यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती टीका आम्हाला गैर वाटत नाही. ज्या ६४ बायांच्या मरणाने हा धडा शिकवला त्या आपल्याच शेजारच्या होत्या. दुसरी गोष्ट, व्हिनेगरच्या एका वेळच्या तपासणीने उस्मानाबादेत मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. त्यामुळे ती तपासणी फुकट, असे काही जण म्हणू लागले. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांमध्ये काम केले. त्यात साध्या दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायांनी दर दोन वर्षांनी असे चार वेळा व्हिनेगर लावून पाहिले, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे साधे साधन असेल तर ते पुन्हा पुन्हा वापरावे लागते. खुरपणीचे नाही का तसेच?

याच विषयातली एक काळी बाजू उसाच्या माणसांनी विसरता कामा नये. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जातात अशी ओरड झाली, तेव्हा २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार तोडणी करणाऱ्या बायकांची पाहणी झाली. त्यात १३,८०० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तिशी-पस्तिशीच्या बायका! पांढरे जाते, कंबर दुखते, म्हणून गेलेल्या बाईला "पिशवी नाही काढली तर कॅन्सर होईल" अशी भीती घातली जाते, आणि पाळीच्या दिवसांत खाडा पडून पैसे कापले जातात म्हणून तीही तयार होते. पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या जंतूंमुळे असते आणि गोळ्यांनी बरे होते. ज्या शंकेचे उत्तर दहा मिनिटांच्या तपासणीने मिळते, त्यासाठी आख्खा अवयव गेला. कमी वयात अंडाशयही काढले असेल तर हाडे ठिसूळ होणे आणि हृदयाचा त्रास हे पुढचे हप्ते चालूच राहतात. या टोळ्या आपल्याच फडात कोयता चालवतात. तेव्हा तपासणीचा विचार फक्त सातबारा नावावर असलेल्या माणसांपुरता ठेवून चालणार नाही.

बाकीच्या दोन कर्करोगांचे थोडक्यात सांगतो. तंबाखू, गुटखा आणि मिशरी ज्या घरात आहे त्या घरातल्या प्रत्येकाने तोंड उघडून आरशात पाहावे. पांढरा चट्टा, लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, किंवा आपलीच तीन बोटे उभी तोंडात मावत नाहीत, यातले काहीही दिसले तर दात पाहणाऱ्या डॉक्टरकडे जावे. मिशरीने दात स्वच्छ होतात ही समजूत आपल्या बायकांनी सोडून द्यावी. ती भाजलेली तंबाखूच आहे. स्तनात न दुखणारी गाठ लागली तर "दुखत नाही म्हणजे काही नाही" असे म्हणू नये. न दुखणारी गाठच आधी दाखवावी.

आता बीपी आणि शुगरकडे वळू, कारण माणसे जास्त गारद होतात ती यांच्यामुळे.

आपल्याकडे एक समज पक्का आहे. शुगर ही जाड माणसांची, बसून खाणाऱ्यांची. काटक शेतकऱ्याला ती होत नाही. हा समज पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मोडून काढला. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि एका इंग्रज डॉक्टरमित्राचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी एकसारखे. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२ टक्के! दिसायला सारखे, आतून वेगळे. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडच्या बाळांपेक्षा पाऊण किलोने कमी. पण कमी होते ते मांस. चरबी त्या मानाने राखलेली. म्हणजे आपले माणूस वरून बारीक आणि आतून चरबीचे, आणि ही जडणघडण आईच्या पोटातच सुरू होते. यासाठीच सुनेच्या गरोदरपणात तिच्या ताटात डाळ, दूध, हिरवी भाजी, परवडत असेल तर अंडे पडते की नाही, हे सासूने पाहिले पाहिजे. नातवाची साठाव्या वर्षीची शुगर तिथे ठरते आहे.

तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका. घरात शिंप्याची टेप असते. बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर पोटात चरबी साठली आहे असे समजा, मग हातपाय कितीही काटकुळे असोत.

आकडे असे आहेत. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे काठावर. १२६ किंवा वर, आणि दुसऱ्यांदा तपासूनही तेवढीच, म्हणजे मधुमेह. रक्तदाब १४० आणि ९० हे दोन आकडे वेगवेगळ्या दिवशी ओलांडत असेल तर तो वाढलेला आहे. डोके दुखले म्हणजे बीपी, आणि नाही दुखले म्हणजे नाही, हा हिशेब खोटा आहे. बहुतेकांना काहीच होत नाही आणि एके दिवशी अर्धांग जाते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत मधुमेह झालेले सुमारे १० कोटी आणि काठावरचे १३ कोटी ६० लाख लोक निघाले. आमच्या मते खरी बातमी ही काठावरच्यांची आहे. कारण काठावरचा माणूस मागे फिरू शकतो. चेन्नईत अशा ५३१ लोकांवर तीन वर्षे काम झाले आणि २००६ साली निकाल आला. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या मागे लागून खाणे आवरायला आणि रोज चालायला लावले, त्यांच्यातल्या १०० पैकी ३९ जणांना झाला. गोळी नाही, सुई नाही. १६ माणसे वाचली. पण आपण काठावर आहोत हे कळायला आधी तपासावे लागते, त्याला दुसरा मार्ग नाही.

आता खाण्याकडे. साखर कारखान्याच्या अंकात साखर कमी खा असे लिहायचे म्हणजे अवघडच! आम्ही लिहिणारच आहोत, आणि त्यासाठी थोडे लांबचे उदाहरण घेतो.

युरोपात फिनलंड नावाचा देश आहे. त्याच्या पूर्वेला उत्तर कारेलिया हा प्रांत. तिथले लोक लाकूडतोडे आणि दूधउत्पादक. गाई घरच्या, लोणी घरचे, त्यामुळे भाकरीवर लोणी, भाजीत लोणी, दूध साईसकट, आणि वर मीठ भरपूर. १९७० च्या सुमारास तिथले धडधाकट, अंगमेहनत करणारे पुरुष हृदयविकाराने पटापटा मरत होते. जगात सर्वांत जास्त प्रमाण असलेल्या भागांत त्यांची गणना होती. शेवटी १९७१ साली लोकांनीच सरकारकडे अर्ज केला आणि १९७२ पासून काम सुरू झाले. तरुण डॉक्टर पेक्का पुस्का त्याचे प्रमुख. त्यांनी दवाखाने बांधत बसण्यापेक्षा गावातल्या महिला मंडळांना हाताशी धरले, स्वयंपाकाच्या पद्धती बदलल्या, बीपी तपासणे घराघरांत नेले. दूधवाले आधी चिडले, साहजिकच. पण त्यांनीही कमी स्निग्धांशाचे दूध काढले, काही जण फळांच्या लागवडीकडे गेले. साधारण ३५ वर्षांत ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू तिथे ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. गाई तिथे आजही आहेत.

आपल्या चहातले दोन चमचे कमी झाल्याने कारखान्याची गव्हाण थांबणार नाही. साखर देशभर जाते, मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होते. आपण पिकवतो ते सगळे आपणच खाल्ले पाहिजे असा काही नियम नाही. पण सभासदांना सवलतीची साखर मिळते आणि पोते घरात असले की हात सैल सुटतो, हे खरे.

हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर फारच चांगले. यात गूळ, मध, शरबत, बिस्किटे, थंड पेये सगळे आले. पाच माणसांच्या घराला याप्रमाणे महिन्याला जास्तीत जास्त साडेसात किलो, आणि चांगले म्हणजे पावणेचार किलो. तुमच्या घरात महिन्याला किती जाते ते बायकोला विचारा. दहा किलो जात असेल तर माणशी रोज ६६ ग्रॅम झाली, आणि त्यात बाहेरच्या हॉटेलातला चहा धरलेला नाही. आपल्याकडे आलेल्या माणसाला चहा नाही दिला तर अपमान. दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे ६० ग्रॅम चहातच संपले.

"मग गूळ खातो" असे म्हणू नका. गूळ हा रस आटवूनच होतो, त्यात मुख्य भाग साखरेचाच. थोडे लोह असते म्हणून तो औषध होत नाही. रसवंतीच्या ग्लासाचा हिशेब तर आपल्याला सहज येईल. ब्रिक्स १८ म्हणजे १०० ग्रॅम रसात १८ ग्रॅम विरघळलेले, त्यातली बहुतेक साखर. २०० ग्रॅमच्या ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास साखर. एका ग्लासात दिवसाचा चांगला वाटा संपला.

मिठाचा हिशेब त्याहून सोपा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, सगळे धरून. पाच जणांच्या घरात एक किलोची पिशवी ४० दिवस पुरली पाहिजे. वीस दिवसांत संपत असेल तर दुप्पट चालले आहे. लोणचे, पापड, ठेचा आणि तालुक्याच्या गावाहून आणलेले फरसाण हे आणखी वेगळे. ताटात वरून मीठ वाढण्याची पद्धत बंद केली तरी पहिले पाऊल पडले.

ज्वारीबद्दल मात्र आम्हाला अभिमानाने लिहायचे आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नसतो. चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि पोट भरल्यासारखे राहते. ऊस आला, पाणी आले, तशी ज्वारी मागे पडली. पाहुणे आले की चपाती-भात, भाकरी गरिबीची, असे झाले. पण ज्वारी खाल्ली की शुगर होतच नाही हेही खोटे. चार भाकरी आणि वाटीभर पातळ आमटी हे ताट ज्वारीचे असले तरी एकसुरीच. दोन भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, आणि भाकरीइतकीच भाजी, असे ताट हवे.

आणि असे ताट कसे असते हे आपल्याला शिकवायची गरज नाही. वेळ अमावस्येला, आपल्या येळवशीला, शेतात काय जेवतो आपण? भज्जीत तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे, वालाच्या शेंगा, मेथी, चुका. शेजारी बाजरीचे उंडे, ज्वारीचे आंबील. डाळी, भाज्या, भरड धान्य, ताक, सगळे एका जागी. कोणत्याही आहारतज्ज्ञाने कागदावर लिहून दिले असते तर याहून वेगळे लिहिले नसते. फक्त ते वर्षातून एक दिवस जेवायचे आणि उरलेले दिवस चहा-बिस्कीट, हा आपला घोळ आहे. भज्जीत तेल बेताने घाला. करडईचे असो की सोयाबीनचे, तेल माणशी महिन्याला पाऊण किलोच्या आसपास पुरवावे. चांगले तेल म्हणून जास्त चालते असे नसते. उपवासाचे काय बोलावे! एकादशीला साबुदाणा, बटाटा, दाणे आणि तळलेले वेफर्स खाऊन पोटाला विश्रांती मिळत नाही.

"आम्ही राबतो, आम्हाला चालायची काय गरज?" असे म्हणणाऱ्या सभासदांनी आठवड्याचा खरा हिशेब मांडावा. नांगरट ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने, मोटार चालू करणे मोबाईलवरून आणि शेतापर्यंत फटफटी. राबत होते ते वडील.

तपासायचे कुठे? त्यासाठी लातूर गाठण्याची गरज नाही. तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची बीपी आणि शुगर वर्षातून एकदा गावच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत पाहण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. तोंड, स्तन आणि ३० ते ६५ वयाच्या बायकांच्या गर्भाशयाचे तोंड यांची तपासणी पाच वर्षांतून एकदा. आशाताई घरी येऊन वय, तंबाखू, कंबर, घरात कोणाला काय झाले होते हे विचारून एक फॉर्म भरते. तिला उंबऱ्यावरून परत लावू नका आणि तंबाखूबद्दल खोटे सांगू नका. उपकेंद्रात सोय नसेल तर ती निलंग्याला कुठे पाठवायचे ते सांगेल. गर्भाशयाची तपासणी पाळी संपल्यानंतर करावी. दहा मिनिटे लागतात, दुखत नाही. लाज वाटते म्हणून एकटी बाई जात नाही, हा आमचा अनुभव आहे. जावा-जावा, नणंद-भावजया मिळून जातात तेव्हा सगळ्यांची होते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर मात्र पाच वर्षांची वाट न पाहता त्याच आठवड्यात जावे.

गोळी सुरू झाली तर एक गोष्ट पाळा. महिन्याने बीपी १३० वर आले की लोक म्हणतात, "आता नॉर्मल झालं, गोळी बंद." अहो, मोटार चालू आहे म्हणून पाटात पाणी आहे. आकडा गोळीमुळे खाली आलेला असतो. बंद करायची की कमी करायची ते डॉक्टर ठरवील.

दिवस लक्षात राहत नाही अशी तक्रार येते, तिच्यावर आमची एक सूचना. दिवाळीची सवलतीची साखर न्यायला तुम्ही चुकत नाही. त्याच आठवड्यात सकाळी उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता, नवरा-बायको दोघांनी जाऊन रक्त तपासून घ्यावे. मागच्या वर्षीचा कागद सोबत न्यावा, नसेल तर या वर्षीचा जपून ठेवावा. शेअरचा दाखला आणि उसाच्या पावत्या ज्या डब्यात ठेवता त्याच डब्यात.